डब्यावरची आजी

लोखंडी कढईत हिरड्याची आणि आवळ्याची पूड पाण्यात कालवून ठेवली की दुसऱ्या दिवशी ती शाईसारखी काळी होते. सुनेने ती कढई मागच्या खोलीत आणली, खिडकी लावली, पडदा ओढला आणि म्हणाली, "आई, मान खाली."

आजीने मान खाली घातली.

"गार आहे गं."

"गारच असणार. आणि हलू नका. मुळाशी पांढरं डोकावायला लागलंय आणि विक्रेत्यांचा मेळावा तोंडावर आलाय. कुणाच्या नजरेस पडलं तर हे माझाच जीव खातील."

आजीला नात नव्हती की नातू नव्हता, तरी सगळा बाजार तिला आजीच म्हणायचा, म्हणून आपणही तेच म्हणू. तिच्या लेकाचा औषधांचा कारखाना होता. पुढे दुकान, मागे कारखाना, वर राहतं घर. हिरडा, बेहडा, आवळा ही तीन फळं वाळवून, कांडून, उकळून तिथे चूर्ण आणि अवलेह तयार व्हायचा. प्रत्येक डब्यावर आजीचा फोटो. काळेभोर केस, तुकतुकीत गाल, हसरा चेहरा. आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं: वय वर्षे ब्याऐंशी.

लेक दुकानात येणाऱ्याला छातीठोक सांगायचा, "आईचे केस आपल्याच औषधाने काळे आहेत." ते अगदीच खोटं नव्हतं. औषध पोटात जातं की डोक्यावर लावलं जातं, हे कधी कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

खोटं होतं ते वय. आजी सदुसष्ट वर्षांची होती.

याची सुरुवात तिनेच केली होती, आणि तीही गमतीत. साठीत असताना एकदा ती गल्ल्यापाशी बसली होती. तेव्हा केस खरोखरच काळे होते, तिच्या आईचेही शेवटपर्यंत काळे होते. एका चौकस बाईने विचारलं, "तुमचं वय काय हो?" बायका वय चोरतात हे आजीला ठाऊक होतं. आपण जरा उलटं करून बघावं असं तिच्या मनात आलं. ती म्हणाली, "पंच्याहत्तर." बाईने तोंडावर हातच नेला. दोन डबे घेतले आणि जाताना दारातून वळून पुन्हा एकदा बघून गेली. आजी पोट धरून हसली. लेक मात्र हसला नाही. तो विचारात पडला. पुढच्या महिन्यात डब्यावर तिचा फोटो आला.

तेव्हापासून फोटो तोच राहिला आणि आकडा दर वर्षी एकाने वाढत गेला. आजीच्या पायातली बेडी मात्र त्याच्याबरोबर एकेका कडीने आखडत गेली. जिन्याचा कठडा धरायचा नाही. चष्मा लावून दुकानात उतरायचं नाही. गुडघा दुखला तर गावातल्या डॉक्टरकडे जायचं नाही, घरीच तेल चोळायचं. माहेरच्या लग्नाकार्याला जायचं नाही, कारण तिथे तिच्याबरोबर शाळेत गेलेल्या बायका भेटणार आणि त्यांना हिचं खरं वय तोंडपाठ. तुरुंगातल्या माणसाला निदान सुटायची तारीख तरी असते. हिची तारीख दर वर्षी डब्यावर नव्याने छापून पुढे जायची.

सगळ्यात मोठी अडचण अक्काची झाली. अक्का म्हणजे आजीची थोरली बहीण. चार वर्षांनी मोठी आणि दिसायलाही तेवढीच मोठी. पांढरं डोकं, तोंडात दात मोजके. ती एकदा सहज भेटायला आली तेव्हा दुकानात चार माणसं होती. त्यांच्यापैकी एकाने विचारलं, "या कोण?" लेक पटकन बोलून गेला, "आईची धाकटी बहीण." अक्का तिथल्या तिथे हसली. वर आल्यावर चहा पिताना हसली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "तुझ्या लेकाने मला तुझ्या पाठीवर जन्माला घातलं गं." त्यानंतर ती पुन्हा आली नाही.

आणि आता अक्का न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ती घरी आली होती, एकटीच, शेजारणीच्या जिवावर. तिने फोन केला तो आजीला नुकती आंघोळ घालून सून केस पुसत असताना.

"शेजारीण चांगली आहे गं," अक्का म्हणाली, "पण तिचंही घर आहे. सारखं सारखं कुणाला उठवू? तू येतेस का? मला उठता येईपर्यंत."

"येते," आजी म्हणाली. "लगेच येते."

फोन ठेवला तेव्हा सून हातातला टॉवेल तसाच धरून उभी होती. "आई," ती म्हणाली, "यांना विचारलं पाहिजे."

लेक जेवायला वर आला तेव्हा आजीने विचारलं. खरं तर तिने विचारलं नाही, सांगितलं.

"मी अक्काकडे चाललेय."

"जा की," लेक म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतो? मेळावा होऊन जाऊ दे."

"ती अंथरुणात पडून आहे रे."

"आई, चारी दिशांचे विक्रेते येतायत. त्यांना तुला बघायचंय. तूच नसलीस तर मी काय दाखवू, कढया?"

"आणि मेळावा झाल्यावर?"

लेकाने घास घेतला. तो चावायला त्याला अंमळ वेळच लागला. "मग बघू. मावशीच्या गावात आपला माल ठेवणारी दोन दुकानं नव्याने लागलीयत. तिथे सगळे तुला ओळखतात. कुणीतरी बोलून जायचं, अगं आम्ही एका वर्गात होतो."

"म्हणजे मी जायचंच नाही."

"असं कुठे म्हणालो मी? तू पण ना, शब्दाचा कीस काढतेस."

"मावशीसाठी बाई ठेवू आपण," सून मधे म्हणाली. "दिवसरात्र राहणारी."

"अक्काने बाई मागितली नाही," आजी म्हणाली. "मला मागितलंय."

सुनेने भांडी आवरायला घेतली.

मेळावा एका मोठ्या सभागृहात होता. खुर्च्या भरल्या होत्या. आजी पहिल्या रांगेत, ताठ. पाठीला उशी मागायची नाही असं सुनेने बजावलं होतं. मंचावर आधी कारखान्याच्या प्रयोगशाळेतली मुलगी आली. कामगार तिला प्रयोगवाली म्हणायचे. तिने काचेच्या दोन नळ्या उंच धरल्या. दोन्हींत गडद जांभळा द्रव होता. एकीत तिने साधं पाणी टाकलं, दुसरीत तीन फळांचा अर्क. पाण्याची नळी जांभळीच राहिली. अर्काच्या नळीतला रंग बघता बघता उतरला आणि फिका पिवळा झाला.

"लोखंड गंजतं," प्रयोगवाली म्हणाली, "कापलेलं सफरचंद काळं पडतं. शरीरातही त्याच जातीची झीज सतत चालू असते. तिला अटकाव करणारे जे पदार्थ असतात त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आवळ्यात आणि हिरड्यात ते भरपूर आहेत. रंग उतरला तो त्यामुळे."

ती एवढंच बोलली आणि नळ्या घेऊन बाजूला झाली. लेकाने लगेच माइक घेतला. "नळीतला पुरावा बघितलात. आता चालता-बोलता पुरावा बघा!"

आजी उठली. मंचाच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढली. गुडघ्यातून कळ आली ती तिने तोंडावर दिसू दिली नाही. टाळ्या पडल्या. लेकाने माइक तिच्यापुढे धरला. नेहमी ती म्हणायची, "रोज सकाळी एक चमचा." बाकी काही नाही. तेवढंच पाठ होतं. पण माइक पुढे आला तेव्हा अक्का अंथरुणात एकटी पडून छताकडे बघतेय असं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे आलं. पुन्हा अशी माणसं एका जागी भेटणार नाहीत, हेही तिला कळलं.

"मी ब्याऐंशीची नाही," आजी म्हणाली. "मी सदुसष्ट वर्षांची आहे."

मग मागून एक लठ्ठ विक्रेता ओरडला, "मग मी अजून पाळण्यात आहे, आजी!"

हशा उसळला.

"अहो, खरंच सांगते. औषध केसांना लावतात. माझी थोरली बहीण आहे, ती एकाहत्तर वर्षांची आहे, तिला विचारा."

हशा आणखी वाढला. एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "काय गोड आहे गं म्हातारी!" लेकाचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो मुरलेला गडी होता. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐकलंत? हिला खरोखरच वाटतं आपण सदुसष्टच्या आहोत! शरीराचं जाऊ द्या, मनालासुद्धा गंज नाही!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आजी मंचाच्या मधोमध उभी होती. खरं बोलून झालं होतं. खोट्याला वाट असते, कधीतरी उघडं पडतं. खरं सांगून कुणी मानलं नाही तर माणसाने कुठल्या दाराने बाहेर पडायचं, ते तिला सुचेना.

मंचामागे एक चिंचोळी खोली होती. प्रयोगवाली तिथे नळासमोर काचा धूत होती. आजी येऊन एका खोक्यावर बसली आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबू लागली.

"पाणी देऊ, आजी?"

"तुझा तरी विश्वास बसला का?"

मुलीने नळ बंद केला. "मला आधीपासून माहीत आहे. हात बघितले की कळतं. केस रंगवता येतात, हात नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"नोकरी आहे, आजी." ती ओशाळून हसली. "मी नळीतलं तेवढं सांगते. नळीत रंग उतरतो हे खरं आहे, कितीही वेळा करून दाखवते. नळीबाहेर माणसाचं काय होतं ते एवढ्यावरून मला सांगता येत नाही. म्हणून मी तुमच्या आधी बोलून खाली उतरते. तुमच्या शेजारी उभी राहत नाही."

"हुशार आहेस."

"हुशार कसली? भित्री आहे." तिने नळी कापडाने पुसली. "माझी पणजी खरीच ब्याऐंशीची आहे. तुम्ही तिच्यासारख्या बिलकूल दिसत नाही. ती भिंत धरून चालते, एकच गोष्ट पाच वेळा विचारते. परवा भर पाहुण्यांत बसली आणि बाबांना म्हणाली, तू कुणाचा रे? बाबांना कुठे तोंड लपवू असं झालं."

"मग तिला रागावले का?"

"ब्याऐंशीच्या बाईला कोण रागावणार? सगळे हात टेकतात तिच्यापुढे. म्हणेल तिथे नेऊन सोडतात."

आजीने गुडघा दाबायचा थांबवला.

"अजून सांग," ती म्हणाली. "उठते कशी? बसते कशी?"

मुलीने तिच्याकडे नीट बघितलं. मग ओठ दाबून हसू आवरलं, हातातल्या काचा खाली ठेवल्या आणि पणजी कशी उठते ते शेजारच्या खोक्यावर बसून, मग उठून दाखवलं.

त्यानंतरच्या सोमवारी दुकान भरलेलं असताना आजी खाली उतरली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर जमिनीवर लोळत, पाठीला बाक. गल्ल्यापाशी येऊन तिने एका गिऱ्हाइकाचा दंड धरला.

"पाऊस आला का हो?"

"नाही, आजी. ऊन आहे."

"बरं." तिने मान हलवली. "पाऊस आला का हो?"

गिऱ्हाईक डब्याकडे बघू लागलं, मग आजीकडे, मग पुन्हा डब्याकडे. "शेठ, याच का त्या?"

"त्याच," लेक कसंबसं म्हणाला. "आज जरा बरं नाहीये त्यांना."

"ब्याऐंशीच्या ना?"

"ब्याऐंशीच्या."

"मग बरोबर आहे की," गिऱ्हाईक म्हणालं आणि डबा परत गल्ल्यावर ठेवून निघून गेलं.

लेकाने आईला दंडाला धरून वर नेलं. दार लोटलं आणि दबक्या आवाजात ओरडला, "हे काय नाटक लावलंयस?"

"मी कुठे काय केलं?" आजी म्हणाली. "डब्यावर लिहिलंय तेवढंच केलं."

"तू मला रस्त्यावर आणणार!"

"मला अक्काकडे सोड."

"ही काय रीत झाली? आईने लेकाच्या पोटावर पाय द्यायचा?"

"अक्का एकटी पडलीय."

"खाली यायचं नाही. संपलं. इथे वरच बसायचं."

आजी वरच बसली. पण वरच्या खोलीची खिडकी दुकानाच्या पाटीच्या बरोब्बर वर होती आणि पाटीवर तिचाच हातभर फोटो होता. ती खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागली. "ए बाळा, मला घरी नेतोस का?" "अहो बाई, माझी आई कुठे दिसली का?" सुनेने कढई आणली तेव्हा तिने डोकं धरू दिलं नाही. मुळाशी पांढरी रेघ वाढू लागली. रस्त्यावर माणसं थांबत, मान वर करून खिडकीकडे बघत, मग पाटीकडे, आणि शाळेतून सुटलेली पोरं तर दोन्हींकडे बोटं दाखवून खिदळत.

आणि एक गोष्ट आजीच्या लक्षात आली, ती तिने कुणाला सांगितली नाही. दिवसभर वाकून बसल्यावर झोपायला जाताना पाठ सरळ करायची तर ती पटकन होत नव्हती. एकदा तर सुनेने चहाचा कप पुढे केला तेव्हा आजीचा हात थरथरला, आणि तो तिने थरथरवला नव्हता. ती दचकली. कप तिने दोन्ही हातांनी धरला आणि चहा संपेपर्यंत मान वर केली नाही.

शेवटी सूनच नवऱ्याला म्हणाली, "अहो, पाठवून द्या. आहेत तशा राहिल्या तर दुकानाला टाळं लागेल. लोकांना सांगू, आजी आता विश्रांती घेतात. या वयात घेतातच माणसं."

"आणि तिथल्या लोकांनी ओळखलं तर?"

"आज आई सत्तरीच्या दिसतायत की नव्वदीच्या, तुम्हीच बघा. कुणाची हिंमत आहे म्हणायची, आम्ही एका वर्गात होतो?"

लेकाने खिडकीत बसलेल्या आईकडे बघितलं आणि गाडीची किल्ली उचलली.

गाडीत त्याने तिला मागच्या सीटवर आडवं व्हायला लावलं. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "बाजार मागे पडेपर्यंत उठू नकोस." आजी पडून राहिली. गाडीच्या काचेतून तिला विजेच्या तारा, झाडांचे शेंडे आणि गच्च्यांवरचे कपडे दिसत होते. ज्या रस्त्याने ती शाळेत जायची तो रस्ता तिने असा खालून बघितला, उताणी, आणि वळणांवरून ओळखला.

अक्काच्या दारात लेकाने पिशवी ठेवली. शेजारणीने किल्ली दिली आणि सुटल्यासारखी घरी गेली. लेक आत डोकावला, मावशीला "कशी आहेस?" विचारलं आणि उत्तर येण्याआधी मागे फिरला. मग थांबला.

"आई, आता नीट उभी राहा. इथे कुणी बघत नाहीये."

आजीने पाठ सरळ केली. पूर्ण झाली नाही.

लेकाचा चेहरा बदलला. लहानपणी खेळता खेळता काही फुटलं की व्हायचा तसा. "लागलंय का तुला? खरंच लागलंय?"

"गाडीत आखडली असेल."

"डॉक्टरला दाखवू?"

"दाखवेन मी. इथला डॉक्टर माझं वय विचारेल आणि मी ते त्याला सांगेन."

लेकाने पिशवी दारातून आत सरकवली. "नवे डबे छापायला दिलेत," तो म्हणाला. "फोटो तोच आहे. आयत्या वेळी दुसरा कुठून आणणार? आकडा वाढवला नाही मात्र. तुला बरं वाटलं की मी न्यायला येईन."

"अक्का चालायला लागल्यावर मी कळवीन."

"म्हणजे कधी?"

"कळवीन म्हटलं ना."

गाडी गेली. आतून अक्काचा आवाज आला, "कोण आहे गं? तू आहेस का?"

"मीच आहे."

"मग तिथे दारात काय करतेस? ये ना आत. मला उठून बसव. सकाळपासून एका कुशीवर पडलेय."

आजी आत गेली. अक्काने तिच्याकडे बघितलं. पांढरी रेघ बघितली, बाक बघितला. मग म्हणाली, "काय अवतार करून घेतलास गं."

"आधी तुला बसवते. मग बोल काय बोलायचं ते."

आजीने तिच्या पाठीखाली हात घातला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून, कण्हत, हसत, एकदा धपकन मागे पडून, पुन्हा उठल्या, आणि शेवटी अक्का उशीला टेकून बसली. दोघींनाही धाप लागली होती.

"तुझा लेक पुन्हा येईल," अक्का म्हणाली.

"येईल."

"मग?"

आजीने तिचं पांघरूण सारखं केलं. मग ती भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, दार लोटलं आणि आतून कडी लावली.